बर्फ फुटायच्या आत

एका पत्राचं उत्तर मी एकेचाळीस वर्षं दिलं नाही. त्यात लिहिणारीचा काही दोष नव्हता. तिने पत्र सभ्यपणे लिहिलं होतं, वेळेवर टाकलं होतं आणि टपालखात्यानेही ते वेळेवर माझ्या हातात दिलं होतं. मीच ते उघडलं नाही.

का उघडलं नाही, हे सांगायचं तर त्या काळची पद्धत सांगायला हवी. मासिकाला गोष्ट पाठवायची तर तिच्यासोबत आणखी एक मोठं पाकीट घालायचं. त्यावर आपलाच पत्ता, आपल्याच अक्षरात. परतीची तिकिटंही आपणच लावलेली. गोष्ट नको असली की संपादक ती त्याच पाकिटात घालून परत धाडत. हवी असली तर गोष्ट ठेवून घेत आणि त्या पाकिटातून नुसती चिठ्ठी येई. त्यामुळे पाकीट फोडायची गरजच नसे. जाड म्हणजे नकार, पातळ म्हणजे होकार. हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आपल्या हाताने पत्ता घातलेलं जाड पाकीट आपल्याच पेटीत येऊन पडलेलं बघणं काही सुखाचं नसतं.

माझी सहा पाकिटं जाड आली होती. सातवं आलं तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो आणि टॅमरॅक लेकच्या ग्रंथालयाची फिरती गाडी चालवत होतो. पुस्तकांनी भरलेली ती बस घेऊन मी दिवसभर रानातल्या वस्त्यांवर हिंडायचो. लोकांना काय वाचायला आवडतं ते मला तोंडपाठ होतं, पण चार शब्द बोलायची वेळ आली की मी पुस्तकांच्या कप्प्यामागे जायचो. त्या सकाळी टपाल घेऊनच मी निघालो होतो. तिसऱ्या थांब्यावर मी ते पाकीट तळहातावर तोललं. जाड. मग गाडीतलं सगळ्यात जाडजूड पुस्तक काढलं, 'मिशिगन राज्यातील पाणथळ जमिनींच्या निचऱ्याचा इतिहास', आणि पाकीट त्यात सरकवून दिलं. ते पुस्तक बावीस वर्षांत कोणी नेलं नव्हतं. पुढेही कोणी नेलं नाही. ग्रंथालयाने ते रद्दीत काढलं तेव्हा मीच घरी आणलं.

त्यानंतर मी कुठे काही पाठवलं नाही. लिहिणं मात्र सुटलं नाही. वह्या साठत गेल्या. सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, टॉवेलांच्या फळीवर मी त्या ठेवायचो. हेल्वीला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं काही माहीत नाही अशी माझी समजूत होती.

यंदाच्या मार्चमध्ये हेल्वी स्वयंपाकघरात तिकिटं भिजवत बसली होती. आमच्या चर्चच्या बायका वापरलेली टपालतिकिटं गोळा करतात आणि विकून मिशनला पैसे पाठवतात. तिकिटं पाण्यात सुटी करायची, टिपकागदावर वाळवायची आणि मग वजनाखाली दाबून सरळ करायची. वजनाला तिला जाड पुस्तक हवं होतं. मी शेजारच्या खोलीत चष्मा शोधत होतो. कात्रीचा आवाज आला आणि त्यामागून हेल्वीचा.

"ओन्नी, तू स्वतःलाच पत्रं लिहायचास की काय?"

मी दारात आलो. निचऱ्याचा इतिहास टेबलावर उघडा पडला होता. तिच्या एका हातात पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात त्याचा कापलेला कोपरा, चार तिकिटांसकट.

"ते राहू दे," मी म्हणालो.

"कसं राहू दे? अक्षर तुझं, पत्ता आपला. आणि वरच्या कोपऱ्यात कुठल्याशा मासिकाचा शिक्का." तिने कापलेल्या कोपऱ्यातून आत डोकावून बघितलं. "पहिलीच ओळ दिसतेय. 'आम्हा दोघींना फार आवडली.' काय आवडली, ओन्नी? कोण या दोघी?"

"असं नसेल काही. नकारच आहे तो. तशी लिहायची पद्धत असते. आधी 'आवडली' म्हणायचं आणि मग 'पण'."

"मग तो 'पण' कुठंय ते बघू तरी!" म्हणत तिने पाकीट टर्रकन फाडलं.

मी खुर्चीवर बसलो. तिने उभ्या उभ्या, मोठ्याने वाचलं.

'प्रिय कांगास, तुमची "बर्फावरची गाडी" आम्हा दोघींना फार आवडली. वसंत अंकात पहिली घ्यायची आहे. मानधन वीस डॉलर आणि अंकाच्या दोन प्रती, याहून जास्त आम्हाला परवडत नाही. समासात पेन्सिलीने थोडं सुचवलं आहे म्हणून पानं परत पाठवते. पटेल ते घ्या, न पटेल ते खोडा. खरी शंका एकच आहे. गोष्टीतली आत्या दरवर्षी चुकीची तारीख का लावते? ते शेवटी दोन ओळींत सांगा. बर्फ फुटायच्या आत पाठवलंत तर बरं. एनिड ब्रँडवोल्ड, दोघी संपादकांतर्फे.'

हेल्वीने कागद पालथा करून बघितला. "यात 'पण' कुठंच नाहीये."

होकार जाड पाकिटातूनही येऊ शकतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मी तरी वाचलेलं नव्हतं.

"एकेचाळीस वर्षं!" ती म्हणाली. मला वाटलं आता ती रागावेल, पण ती हसायला लागली, इतकी की तिला टेबल धरावं लागलं. "अरे, आपलं होकाराचं पत्र निचऱ्यात घालून बसणारा माणूस मी बघितला नव्हता."

"तुला ठाऊक होतं? मी लिहितो ते?"

"टाइपरायटरवर ग्रंथालयाचे अहवाल लिहितोय, असं सांगायचास. अहवाल लिहिताना डोळे कोण पुसतं, ओन्नी? आणि सौनातल्या त्या वह्या. टॉवेल काय तू धुतोस?"

"वाचल्यास?"

"तू दाखवल्या नाहीस, म्हणून मी वाचल्या नाहीत. फार मोह झाला, पण नाही वाचल्या." मग तिने पिवळी पडलेली पानं माझ्यापुढे ठेवली. "ही वाचू का?"

मी मान डोलावली आणि लाकडं आणायला बाहेर गेलो. लाकडं घरात भरपूर होती.

ती गोष्ट आमच्याच गावची होती. हिवाळ्यात आम्ही तळ्याच्या गोठलेल्या पाण्यावर एक जुनी मोटार नेऊन ठेवतो. वसंतात बर्फ फुटला की ती बुडते. ती कुठल्या दिवशी, किती वाजता बुडेल यावर गाव एकेका डॉलरची चिठ्ठी लावतं. अचूक सांगणाऱ्याला निम्मे पैसे, उरलेले अग्निशमन दलाला. हल्ली मोटारीचं इंजिन काढून घेतात आणि साखळी बांधतात, नंतर ओढून काढता यावी म्हणून. बाकी सगळं तसंच. माझी साइमा आत्या दरवर्षी चार एप्रिलची चिठ्ठी लावायची. वीस एप्रिलच्या आत बर्फ फुटल्याचं तोवर गावात कोणाला आठवत नव्हतं. तिलाही ते ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं ती चार एप्रिलच लावत राहिली आणि अठ्ठावीस वर्षं हरली. तेवढीच ती गोष्ट होती. आत्या असं का करते हे मी लिहिलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

लाकडं घेऊन आलो तर हेल्वी फोनजवळ उभी.

"मासिक अजून निघतं," ती म्हणाली. "ग्रंथालयात विचारून घेतलं. नंबर पण दिलाय त्यांनी."

"हेल्वी, नको."

"का?"

"काय सांगणार? उत्तराला जरा उशीर झाला म्हणून?"

"हो, तेच."

"ती बाई हयात तरी असेल का? आणि असली तर हसेल."

"मग तू शेडमध्ये जा. हसणं मी ऐकते."

मी खरंच शेडमध्ये गेलो. पण शेडच्या दाराला फट आहे आणि हेल्वी फोनवर गावाला ऐकू जाईल एवढ्याने बोलते.

"हॅलो? मला एनिड ब्रँडवोल्ड बाईंशी बोलायचंय... आहेत? आज मंगळवार म्हणून आल्यात? बघा, नशीब!... हॅलो, मी टॅमरॅक लेकहून हेल्वी कांगास. तुम्ही माझ्या नवऱ्याला एक पत्र पाठवलं होतं... नाही, अलीकडे नाही. त्र्याऐंशी साली... हो, तोच! बर्फावरची गाडी!... नाही, मेला नाही. लाकडाच्या शेडमध्ये उभा आहे."

मग बराच वेळ ती नुसती हं हं करत राहिली. मधेच ती किंचाळली. मी दोन लाकडं पायावर पाडून घेतली.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "शहाऐंशीची आहे. आवाज काय खणखणीत! म्हणाली, 'त्या माणसाने माझी आठ पानं रिकामी ठेवली.'"

"बघ. म्हटलं नव्हतं?"

"ऐक तर. तुझी वाट बघून बघून अंक छापायला जायची वेळ झाली. आठ पानं भरायला काहीच नाही. शेवटी तिने तिच्या दिराची कविता घातली. हेरिंग माशावरची, आठ पानी. त्याला वाटलं आपण खरोखरीचे कवी. तेव्हापासून तो थांबलाच नाहीये. हेरिंगवर चार संग्रह काढलेत त्याने. दर नाताळला जेवायच्या आधी तो उभा राहून कविता वाचतो आणि सगळं घर थंड झालेलं खातं. 'एकेचाळीस नाताळ,' म्हणाली, 'एकेचाळीस! हे त्या कांगासला सांगा.'"

मला हसू आलं. एका माणसाचं लेखक होणं मी घालवलं, ते दुसऱ्याला मिळालं आणि त्याने त्याचं सोनं केलं. मासे घेऊन का होईना.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, पत्राला उत्तर पत्रानेच हवं. फोनवरचं ती धरत नाही. तिचा प्रश्न अजून तोच आहे. आणि मुदतही तीच."

"कुठली मुदत?"

"बर्फ फुटायच्या आत." हेल्वीने माझ्या पायावरची लाकडं उचलली. "'कुठल्या वर्षीचा बर्फ ते मी लिहिलं नव्हतं,' म्हणाली."

त्यानंतरचे दोन आठवडे मी टाइपरायटरसमोर काढले. तेहेतीस वर्षांच्या माणसाची गोष्ट चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने दुरुस्त करायची, हे मोठं अवघड काम असतं. मला त्याची काही वाक्यं बालिश वाटली. काही वाचून वाटलं की हा माझ्यापेक्षा बरं लिहायचा. पेन्सिलीच्या खुणा अजून स्पष्ट होत्या. एका ठिकाणी समासात नुसतं 'वा!' लिहिलं होतं. ते मी किती वेळा वाचलं हे सांगायला लाज वाटते.

पण शेवटच्या दोन ओळी काही केल्या सुचेनात. आत्याला तिच्या नवऱ्याची आठवण होती म्हणून, असं लिहिलं आणि खोडलं. तो सप्टेंबरात गेला होता. ती हट्टी होती म्हणून, असं लिहिलं. मग गावात हट्टी कोण नव्हतं?

"साधं सांग ना त्या बाईला, की मला माहीत नाही," हेल्वी म्हणाली. "तेही चालेल असं नव्हतं का लिहिलं?"

"नव्हतं."

"मला वाटलं होतं. चांगली बाई आहे, चालवून घेईल."

"पण मला माहीत असायला हवं. माझीच आत्या."

चार एप्रिलला सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. आत्या गेल्यापासून तिच्या नावाने चार एप्रिलची चिठ्ठी हेल्वी लावते. बर्फ दगडासारखा होता. मोटार मधोमध ऐटीत उभी होती, यंदा निळी. कोणीतरी तिच्या टपावर लाकडाचं बदक बसवलं होतं. काठावर दोघंतिघं गंभीर चेहऱ्याने वारा कुठला आहे ते बघत होते. हॉलक्विस्ट नावाचा एक म्हातारा बर्फात भोक पाडून पट्टीने जाडी मोजत होता आणि वहीत लिहीत होता. त्याने बावीस एप्रिल, दुपारी दोन लावले होते. तेव्हापासून त्याला झोप नव्हती.

बारा वाजले. आमच्या चिठ्ठीवरची वेळ टळली. हेल्वीने चिठ्ठी फाडून खिशात टाकली, बाकावर ऐसपैस बसली आणि थर्मासमधून कॉफी ओतली.

"चला, हरलो एकदाचे," ती म्हणाली. "आता मजा बघायला मोकळे."

"काय म्हणालीस?"

"हरलो म्हटलं. आत्या असंच म्हणायची ना? चार तारीख उलटली की बाकावर येऊन बसायची. तू विसरलास?"

मी विसरलो होतो. एवढी मोठी गोष्ट लिहिली आणि तेवढंच विसरलो होतो. त्या बाकावर बसलेली आत्या मला लख्ख दिसली. सगळं गाव तळ्याकडे डोळे लावून जीव टांगून बसलेलं, आणि ती एकटी, हातात कॉफी, नुसतं तळं बघतेय. करकरणारा बर्फ ऐकतेय. पाणी कुठून काळं व्हायला लागलं ते दाखवतेय. तिचं हरून झालेलं असायचं, म्हणून तिला सगळा वसंत फुकट मिळायचा. मी मात्र एका पाकिटाचं हरणं एकेचाळीस वर्षं पुस्तकात दाबून ठेवलं होतं.

"हेल्वी, पेन आहे?"

"चर्चच्या पत्रकावर लिही. कॉफी सांडू नकोस."

दोन ओळी होत्या. तिथेच झाल्या.

आता कोणी म्हणेल, मग पाठवायला काय हरकत होती? काही हरकत नव्हती. सगळी पानं पुन्हा टाइप झाली, पत्र लिहून झालं, पाकिटावर पत्ता झाला. आणि पाकीट दाराजवळच्या टेबलावर तेरा दिवस पडून राहिलं. रोज मी त्याला हातावर तोलायचो. हेल्वी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. एकदाच म्हणाली, "निचऱ्याचा इतिहास काढून देऊ का?"

सतरा तारखेला सकाळी अग्निशमन दलाचा भोंगा वाजला.

एप्रिलात भोंग्याचा एकच अर्थ होतो. मोटार कलली. मी खिडकीतून बघितलं तर शेजारी एका पायात बूट, एका पायात सपात घालून तळ्याकडे पळत होते.

"अजून पाच दिवस होते!" मी ओरडलो. "हॉलक्विस्टने मोजलं होतं!"

"बर्फाने हॉलक्विस्टची वही वाचली नसेल," हेल्वी म्हणाली आणि पाकीट माझ्या हातात कोंबलं. "पळ!"

मी पळालो. शेवटचा कधी पळालो होतो ते आठवत नाही. सगळं गाव तळ्याकडे चाललं होतं आणि मी एकटा उलटा, टपालकचेरीकडे.

"अहो कांगास, तळं इकडंय!" कोणी तरी ओरडलं. चाळीस वर्षांत मी रस्त्यात कोणाला मोठ्याने उत्तर दिलं नव्हतं.

"माहितीये!" मी ओरडलो. "मला पत्र टाकायचंय!"

मेव्हिस, आमची टपालवाली, कोट चढवून दाराला 'आत्ता येते'ची पाटी लावत होती.

"आज नको, ओन्नी! गाडी बुडतेय!"

"म्हणूनच आज. ती बुडायच्या आत."

"त्या गाडीचा आणि तुझ्या पत्राचा काय संबंध?"

"आत चल, सांगतो."

मला एवढं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं, म्हणूनच बहुधा ती आत आली. तिने पाकीट वजनावर टाकलं. पत्ता वाचून माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "मासिक? तू गोष्टी लिहितोस?"

मी आयुष्यभर या प्रश्नाला घाबरलो होतो. तो असा, कोट घातलेल्या बाईकडून, घाईत आला.

"हो," मी म्हणालो.

"आणि मला कधी वाचायला नाही दिलीस? तुझ्या गाडीतून मी पंचवीस वर्षं पुस्तकं नेली, मेल्या!" ती तिकिटं फाडू लागली. मग थांबली. "परतीचं पाकीट घातलंयस का? लिहिणारे घालतात ते. पूर्वी तूही न्यायचास, मोठी मोठी, दोन दोन. मी विचारलं नाही कधी."

"घातलंय," मी म्हणालो. "लहान. एका तिकिटाचं."

"त्यात तुझी पानं कशी मावतील?"

"नाही मावणार. तिला ती ठेवून घ्यावी लागतील."

मेव्हिसने मान मागे टाकून हसून घेतलं. तळ्याकडून शेकडो माणसांचा एक लांब 'ओऽऽऽ' ऐकू आला, पण तो कलण्याचा होता, बुडण्याचा नव्हता. तो फरक आम्हाला कळतो.

"शिक्का आत्ताच मार," मी म्हणालो. "इथे, माझ्यासमोर. आणि खाली हाताने वेळही लिही."

"नियमात बसत नाही."

"मेव्हिस."

तिने तिकिटं चिकटवली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पेन घेतलं आणि तिकिटांच्या खाली दहा वाजून बावन्न मिनिटं असं ठळक लिहिलं. मग शिक्का शाईत दाबला आणि दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून, पाकिटावर आदळला. पाकीट तिने मागच्या थैलीत टाकलं. ते आत पडल्याचा आवाज मी ऐकला.

"झालं," ती म्हणाली. "गेलं तुझं. आता चल ना रे बाबा, गाडी बुडायच्या आत!"